‘फिक्स्ड’ फॉन्ट सापडेना : संगणक शंकासमाधान

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या जुन्या संगणकावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. पावसात अपडेट चालू असतानाच वीज गेली. तेव्हापासून डेस्कटॉप येत नाही, ‘कुड नॉट ओपन डिफॉल्ट फॉन्ट फिक्स्ड’ एवढीच ओळ दिसते. दुरुस्तीवाला फॉर्मॅट करायला सांगतो, पण पुस्तकांच्या साऱ्या नोंदी त्यातच आहेत. (वेंगुर्ले)

उत्तर : फॉर्मॅट अजिबात करू देऊ नका. या संदेशाचा तुमच्या नोंदींशी काही संबंध नाही.

पडदा रंगवणारा एक्स सर्व्हर सुरू होताना आधी दोन जुने फॉन्ट उघडतो : अक्षरांसाठी ‘फिक्स्ड’ आणि माउसच्या बाणासाठी ‘कर्सर’. ‘फिक्स्ड’ मिळाला नाही तर तो स्वतःहून बंद पडतो. एक्स११ ही पद्धत १९८७ची, आणि हे ठिपक्यांचे फॉन्ट त्याच काळातले. तुम्ही मजकूर लिहिता ते मराठी फॉन्ट वेगळी यंत्रणा सांभाळते, त्यामुळे त्यांच्यावर संशय घेऊ नका. नव्या सर्व्हरमध्ये हा फॉन्ट आतच बसवलेला असतो, म्हणून ही ओळ आता जुन्या यंत्रांवरच भेटते.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबा आणि काळ्या पडद्यावर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन करा. (खालच्या कमांड रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. मोठे अक्षर असेल तिथे तसे सांगितले आहे.)

सुरुवात डिस्कपासून करा : ‘डीएफ -एच’. डिस्कचा मूळ विभाग (यादीत ‘/’) १०० टक्के भरलेला दिसला तर आधी ‘ॲप्ट-गेट क्लीन’ने उतरवलेली पॅकेजे (प्रोग्रॅमचे गठ्ठे) काढून जागा करा. जागा नसेल तर पुढची दुरुस्तीही अर्धीच लिहिली जाईल. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली साठवण्याची पद्धत) विभागात साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, म्हणून इतरांना ‘डिस्क भरली’ म्हणणारे यंत्र रूटला काम करू देते. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेले अपडेट त्याने पुरे होते.

आता ‘/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स/एक्स११/मिस्क’ या फोल्डरमध्ये जा (यातला एक्स मोठा) आणि ‘एलएस -एल’ने यादी पाहा. ‘फॉन्ट्स.डिर’ आणि ‘फॉन्ट्स.एलियास’ या दोन फाइली शोधा. आकार शून्य दिसला की चोर सापडला. अपडेट चालू असताना वीज गेली की फाइलचे नाव डिस्कवर उमटते आणि मजकूर मेमरीतच राहून जातो, त्यामुळे अशा रिकाम्या फाइली उरतात. पहिल्या फाइलमध्ये फोल्डरमधल्या फॉन्टची यादी असते आणि तिच्या पहिल्या ओळीत त्यांची संख्या. दुसरीत ‘फिक्स्ड’ हे छोटे नाव खऱ्या लांबलचक नावाशी जोडलेले असते. दुसरी गेली तर फॉन्ट जागेवर असूनही सर्व्हरला सापडत नाही. बरेच जण इथे ‘एमके-फॉन्ट-डिर’ (सलग, मधल्या रेघांशिवाय) चालवून थांबतात. त्याने फक्त पहिली फाइल नव्याने बनते, दुसरी नाही. म्हणून पॅकेजच पुन्हा बसवा : ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल एक्सफॉन्ट्स-बेस’.

इंटरनेट नसेल तर दुसऱ्या संगणकावरून तुमच्याच डेबियन आवृत्तीचे हे पॅकेज पेनड्राइव्हवर आणा आणि ‘डीपीकेजी -आय’ने बसवा. ते सर्व प्रोसेसरांना सारखेच चालते, ३२ की ६४ बिट हे पाहावे लागत नाही.

एवढ्यानेही जमले नाही तर ‘/व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग’ वाचा (एक्स मोठा). कंसात ‘ईई’ असलेली ओळ खऱ्या चुकीची, ‘डब्ल्यूडब्ल्यू’ नुसत्या सूचनेची. सिरिलिक किंवा १०० डीपीआयचे फोल्डर नाही म्हणून आलेल्या सूचनांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

आणि एक कळकळीची विनंती : कोकणात पावसाळ्यात वीज एका संध्याकाळी चारदा जाते-येते. यूपीएसशिवाय अपडेट सुरू करू नका, आणि नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर आजच घ्या.

प्रश्न : लग्नपत्रिका आणि आरतीच्या पुस्तिकांसाठी जुन्या विंडोजवरचे सगळे फॉन्ट लिनक्समध्ये आणले. आता पासवर्ड दिला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. कुठला फॉन्ट बिघडला असेल? (राजापूर)

उत्तर : बहुधा एकही नाही. पासवर्डचा पडदा आला म्हणजे सर्व्हर उठला आणि अक्षरेही उमटली. बिघाड त्यापुढे, तुमच्या होम फोल्डरमध्ये (तुमच्या स्वतःच्या फाइलींच्या जागी) आहे. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे काळ्या पडद्यावर जाऊन ‘डीएफ -एच’ने होमचा विभाग पाहा. भाराभर फॉन्ट ओतल्याने तो भरला असेल तर ‘.एक्सऑथॉरिटी’ (एक्स मोठा) ही डेस्कटॉपमध्ये शिरायची परवानगी ठेवणारी फाइल लिहिता येत नाही आणि तुम्हाला परत दारात आणून सोडले जाते. जागा असेल तर ‘एलएस -एल’ने त्या फाइलचा मालक पाहा. कुणी ‘सुडो स्टार्टएक्स’ (रूटच्या अधिकाराने डेस्कटॉप सुरू) केले असेल तर मालक रूट झालेला असतो. ती फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, लॉगिन करताना नवी बनते.

तरीही तेच होत असेल तर ‘ॲडयूजर’ने नवा वापरकर्ता काढून पाहा. तो आत शिरला तर ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’ फोल्डर हलवा, ‘एफसी-कॅश -एफ -व्ही’ चालवा आणि फॉन्ट निम्मे निम्मे करून परत आणा, म्हणजे अडवणारा फॉन्ट कळेल. डिस्क भरताना तुटलेल्या शून्य आकाराच्या फाइली मात्र आधीच काढून टाका.

कृतीदेवसारखे जुने डीटीपी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसवतात. ते मेन्यूसाठी निवडले गेले तर सगळा मेन्यू अगम्य दिसेल, पण त्याने डेस्कटॉप अडत नाही.

प्रश्न : डेस्कटॉप येतो, पण मराठीच्या जागी चौकोन दिसतात. (गुहागर)

उत्तर : ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ चालवा (अपूर्णविरामाआधी जागा सोडा, नंतर नको). काहीच आले नाही तर मराठी फॉन्टच नाही. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज बसवा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.