शिकागो बेअर्स, १९८५ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्सच्या १९८५ च्या विजेत्या संघाचा विषय निघाला की ‘४६ डिफेन्स’चं नाव येतंच. हा बचाव नेमका उभा कसा राहायचा?

उत्तर : आक्रमणाच्या पुढच्या फळीत पाच जण असतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. साध्या चार-तीन बचावात (पुढे चार लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर) सेंटरच्या अगदी समोर सहसा कुणी नसतं. चेंडू मागे दिला की तो शेजारच्या गार्डच्या मदतीला जातो आणि दोघं मिळून एकाला अडवतात. बेअर्सचे बचाव प्रशिक्षक बडी रायन यांनी ही मदतच तोडली. सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्यासमोर त्यांनी एकेक लाइनमन उभा केला. चौथा, म्हणजे बहुधा रिचर्ड डेंट, टाइट एण्ड (टॅकलशेजारी उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा आक्रमक) नसलेल्या बाजूच्या टॅकलच्या बाहेर. ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल हे बाहेरचे दोन्ही लाइनबॅकर एकाच बाजूला, टाइट एण्डच्या अंगावर. मध्ये माइक सिंगलटरी आणि पुढे सरकलेला स्ट्राँग सेफ्टी (सेफ्टी म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा). झाले आठ. मागे उरले दोन कॉर्नरबॅक (कडेचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, धरणारे) आणि एकच फ्री सेफ्टी.

सगळ्यात मोठी कोंडी सेंटरची. त्याचा हात चेंडूवर असतो; चेंडू पायांमधून मागे जाईपर्यंत समोरचा माणूस अंगावर आलेला असतो. गार्ड स्वतःच्याच माणसात अडकलेला. मधली फळी फुटली की क्वार्टरबॅकला पुढे सरकून पास फेकायला जागा राहत नाही, आणि बाहेरून डेंट येतोच. १६ साखळी सामन्यांत या संघाने फक्त १९८ गुण दिले. प्लेऑफमध्ये जायंट्सना २१-० आणि रॅम्सना २४-० असं कोरडं ठेवलं.

प्रश्न : मग मायामीकडून ते हरले कसे?

उत्तर : याच मांडणीच्या दुसऱ्या बाजूमुळे. पुढे आठ जण लावले की मागे तिघंच राहतात. २ डिसेंबर १९८५ रोजी मायामी डॉल्फिन्सचे प्रशिक्षक डॉन शुला यांनी तीन रिसीव्हर मैदानात उतरवले. दोघांना कॉर्नरबॅक धरणार. तिसऱ्याच्या, म्हणजे नॅट मूरच्या, मागे लाइनबॅकर किंवा सेफ्टीला धावावं लागलं आणि तिथे वेग कमी पडला. त्यात त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मरिनोच्या हातून चेंडू इतका झटपट सुटायचा की धाड पोहोचण्याआधीच पास गेलेला असे. मध्यंतराला ३१-१०, शेवटी ३८-२४. बेअर्सकडे जखमी क्वार्टरबॅक जिम मॅकमहनच्या जागी स्टीव्ह फुलरने सुरुवात केली होती हे खरं, पण ३८ गुण बचावाने दिले. जादा कॉर्नरबॅक वेळेवर आणायला हवा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या मोसमातली ही एकमेव हार.

प्रश्न : सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्धी पेट्रियट्सचे धावून फक्त ७ यार्ड झाले असं वाचलं. त्यात सॅकचे (पास जाण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचे) तोट्याचे यार्ड धरलेत का?

उत्तर : नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सॅकचा तोटा पासच्या हिशेबातून वजा होतो, धावेच्या नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये उलट आहे. म्हणजे ते ७ यार्ड निव्वळ धावेचे. २६ जानेवारी १९८६ रोजी न्यू ऑर्लिन्सला झालेल्या त्या सामन्यात बेअर्सनी ७ सॅक केले. सगळं मिळून पेट्रियट्स पहिल्या अर्धात उणे १९ यार्डांवर होते. पहिला क्वार्टरबॅक टोनी ईसन सहापैकी एकही पास पूर्ण करू शकला नाही.

प्रश्न : सुपर बोलचा ४६-१० हा स्कोअर आणि बचावाचं नाव, यांचा काही संबंध?

उत्तर : योगायोग. नाव डग प्लँक या बेअर्सच्या जुन्या सेफ्टीच्या जर्सीच्या क्रमांकावरून पडलं. गुणांचा हिशेब असा : पाच टचडाउन आणि त्यांचे जादा गुण मिळून ३५, तीन फील्ड गोलचे ९, शेवटी सेफ्टीचे २ (इथे सेफ्टी म्हणजे खेळाडू नव्हे, तर चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडणं).

प्रश्न : त्यात बेअर्सच्या वॉल्टर पेटनचा एकही टचडाउन का नाही?

उत्तर : पेट्रियट्सचं सगळं लक्ष त्याच्यावर होतं, २२ धावांत त्याला ६१ यार्डच मिळाले. पण एक यार्डावरून चेंडू विल्यम पेरी या लाइनमनच्या हाती दिला गेला, तेव्हा तो पेटनलाच मिळायला हवा होता. मोसमात १,५५१ यार्ड धावलेल्या माणसाचा तो हक्क होता, आणि मुख्य प्रशिक्षक माइक डिट्का यांनीही पुढे याची खंत बोलून दाखवली.