दुसरीचा वर्ग, वाचनाच्या पायऱ्या वेगवेगळ्या

प्रश्न : हडपसरच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. सात-आठ मुलांना अजून शब्द वाचता येत नाहीत. त्यांतल्या दोघांच्या घरी कन्नड बोलतात, एकीला कमी ऐकू येतं. त्यांना वेगळं बसवावं का?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : नाही. गोष्टी, गाणी, गप्पा सगळ्यांच्या एकत्रच हव्यात. रोज २० मिनिटं मात्र या मुलांना जवळ घ्या; तोवर बाकीची जोडीनं वाचतील.

सगळी मुळाक्षरं पाठ होईपर्यंत थांबू नका, त्यात महिने जातात आणि मुलाच्या हाती एकही शब्द लागत नाही. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, लाल, कमल वाचता येतात! मग आठवड्याला दोन-तीन अक्षरं वाढवा. म-भ, घ-ध, ब-व या जोड्या एकदम शिकवू नका. एक पक्कं झालं की दुसरं. काही मुलं ‘क, म, ल’ म्हणून थांबतात, कारण अक्षरं ओळखीची असली तरी ती जोडायचा सराव नसतो. शब्दाखालून बोट सलग सरकवत वाचून दाखवा. फळ्यावरून नुसतं उतरवून घेतल्यानं हे येत नाही.

कन्नड बोलणाऱ्यांना चित्राचं नाव आधी त्यांच्या भाषेत सांगू द्या. नाकाच्या चित्राला एखादा ‘मूगु’ म्हणाला तर तो बरोबरच आहे. मग ‘नाक’ वाचायला द्या.

कमी ऐकू येणाऱ्या मुलीला पहिल्या बाकावर बसवा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. कानांची तपासणी झाली नसेल तर पालकांना ससूनच्या कान-नाक-घसा विभागात याच महिन्यात पाठवा.