विंडोजशेजारी लिनक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं लिनक्सवर चालतं म्हणून तिला लॅपटॉपवर लिनक्स हवं आहे. मला हिशेबासाठी त्याच लॅपटॉपवर विंडोज ११ लागतंच. ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आहे. उबुंटू, मिंट, फेडोरा, काली, रोज कुणीतरी लिनक्सचं नवं नाव सांगतं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारल्याशिवाय होत नाही. (कोथरूड)

उत्तर : फॉरमॅट मारावा लागत नाही. विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) लहान करून मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स बसतं आणि मशीन सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडता येतं.

यादीतून काली आधी खोडा. ते सुरक्षा-चाचणीच्या कामासाठी बनवलेलं आहे. कॉलेजात त्याचा रुबाब असला तरी रोजच्या वापराला ते सोयीचं नाही. फेडोरा चांगलं आहे, पण एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे ऐन सबमिशनमध्ये अपग्रेडचं टुमणं. उबुंटूच्या बाबतीतही नावामागे एलटीएस आहे ना, ते बघून घ्या. एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं चालते. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने. उबुंटू २४.०४ आणि त्याच्यावर उभारलेलं मिंट २२, दोन्ही २०२९पर्यंत निर्धास्त. मुलीसाठी उबुंटू एलटीएस घ्या, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना त्यालाच धरून असतात. विंडोजसारखा खालच्या कोपऱ्यातला मेनू हवाच असेल तर मिंट सिनॅमन. त्याच कमांड तिथेही चालतात.

घोळ होतो तो निवडीत कमी, तयारीत जास्त. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्यावर पहिलं काम डिव्हाइस एन्क्रिप्शनचं, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीचं. विंडोज ११च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते न विचारता चालू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि मगच एन्क्रिप्शन बंद करा. डिस्कवरचं एन्क्रिप्शन पूर्ण उतरायला वेळ लागतो. तोवर पुढे जाऊ नका. की हाताशी नसताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं तर विंडोज तीच मागत बसतं आणि दुकानदाराचा फॉरमॅट खरा ठरतो.

मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', आकडा १०२४००. तो एमबीत असतो, म्हणजे १०० जीबी. उबुंटू २५ जीबीतही बसतं, पण सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट वाढत जातात. सी ड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही विंडोज पाच-दहा जीबीच द्यायला तयार असेल, तर हायबरनेशन, पेजफाइल किंवा रिस्टोअर पॉइंटच्या न हलणाऱ्या फायली मध्ये आडव्या पडलेल्या असतात. तिन्ही तात्पुरत्या बंद करून रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करा.

८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस या प्रोग्रामने आयएसओ (लिनक्सची डाउनलोड केलेली इन्स्टॉल फाइल) चढवा; त्याआधी डाउनलोडचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) संकेतस्थळावरच्याशी ताडून पाहा. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर लगेच इन्स्टॉल दाबू नका. आधी 'ट्राय'मध्ये वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं तपासा. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट मिळालं की बहुतेक वेळा ड्रायव्हर उतरवून घेता येतो. इन्स्टॉलरमध्ये 'विंडोजसोबत बसवा' अशा अर्थाचा पर्याय निवडा. मॅन्युअल पर्यायात गेलात तर मोकळ्या जागेत ईएक्सटी४ या लिनक्सच्या प्रकारचं एक पार्टिशन पुरे. सुरुवातीचं १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन फक्त वापरायचं, त्यावर फॉरमॅटची खूण नको. विंडोज सुरू होण्याच्या फायली तिथेच असतात.

बायोसमधली सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरने मशीन सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायची गरज नाही. मात्र इन्स्टॉलरने बाहेरच्या ड्रायव्हरसाठी नवा पासवर्ड ठरवायला सांगितलं तर तो लक्षात ठेवा. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि १० सेकंदांत निघूनही जातो. त्यात कोणतंही बटण दाबून 'एनरोल एमओके' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा हुकला की एनव्हिडिया ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण चालत नाही.

लॅपटॉप चार्जरला लावूनच हे करा. डेस्कटॉप असेल आणि भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जात असेल, तर शुक्रवारचा मुहूर्त काढा.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरून लिनक्स नीट सुरू होतं, पण इन्स्टॉलरला लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही. (हडपसर)

उत्तर : इंटेल प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये स्टोरेज बहुधा 'आरएसटी', 'रेड' किंवा 'व्हीएमडी'वर आहे, ते 'एएचसीआय' करायचं किंवा व्हीएमडी बंद करायचं. थेट बदललंत तर विंडोज निळी पाटी दाखवून बसेल. त्यामुळे क्रम असा : एन्क्रिप्शन बंद, मग विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबवर 'सेफ बूट'ला खूण, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदल. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवत असू द्या. बायोसमध्ये हा पर्यायच नसेल, तर बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर लिनक्स बसवणं बरं.

प्रश्न : उबुंटू वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. शिवाय उबुंटूमध्ये डी ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. (सिंहगड रस्ता)

उत्तर : मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, भारतात हा फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' ही कमांड द्या. डी ड्राइव्हचं कारण फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तशा ड्राइव्हवर लिनक्स लिहायला नकार देतं, ते योग्यच आहे. मोठ्या अपडेटनंतर ही सेटिंग कधी कधी परत चालू होते, तेव्हा अधूनमधून बघत जा.

प्रश्न : डीटीपीचं काम आहे. श्रीलिपी, पेजमेकर, थोडं टॅली. जुना आय३ डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०. आता अपडेट येत नाहीत आणि विंडोज ११ बसत नाही. (सदाशिव पेठ)

उत्तर : विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तरी तुमचं काम विंडोजवरच राहील. डाँगल (परवान्याची चावी) लागणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) चालवण्याच्या फंदात पडू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये भलतीच रोमन अक्षरं होऊन उघडतो, म्हणून तो विंडोजवरच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये घ्या. लिनक्स ठेवा मेल, बँक आणि ब्राउझरसाठी : मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबीत ती चालते, पण ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की रखडेल. रॅम ८ करता आली तर करा. मराठीसाठी 'आयबस-एम१७एन' बसवलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

डेस्कटॉप असल्याने पार्टिशनच्या वाटेला जाऊच नका. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून २४० जीबीची साटा एसएसडी आणा. वेगळी केबल नसेल तर डीव्हीडी रायटरची साटा केबल आणि पॉवरचा प्लग काढून तिला लावा. तो रायटर तसाही क्वचितच वापरात असेल. मिंट बसवताना विंडोजच्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तिला धक्का लागणार नाही. काम झाल्यावर ती परत जोडा आणि बायोसमध्ये एसएसडी पहिली ठेवा. डीटीपी करायचं त्या दिवशी सुरू करताना एफ८, एफ११ किंवा एफ१२ (बोर्डाप्रमाणे बदलतं) दाबून हार्ड डिस्क निवडायची. विंडोजला आता अपडेट येत नाहीत, म्हणून त्यात असताना नेटची केबल काढलेली असू द्या.