ओपीडी सोडायची तयारी आहे का?

तुझा मेल दोनदा वाचला. हॉर्मोनच्या आजारांतलं डीएम, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजी, झालं, बाँडचं वर्ष संपत आलंय, नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मस एमसी या विद्यापीठ रुग्णालयात थायरॉइडवर पीएचडीची जागा मिळतेय, नवरा आयटीत, लेक तीन वर्षांची, आणि सासरे विचारतायत, "एवढं शिकून पुन्हा विद्यार्थी?" यावं का, पेशंट बघता येतील का आणि पुढे काय, असे तुझे तीन प्रश्न. आणि हो, मॅडम म्हणू नकोस. एकाच कॉलेजच्या आपण, ताई पुरे.

मधला प्रश्न आधी घेते, कारण बाकी दोन्ही त्याच्यावर टांगलेले आहेत. पेशंट बघता येणार नाहीत. इथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर बिग नावाच्या सरकारी रजिस्टरमध्ये नाव असावं लागतं. युरोपाबाहेरच्या डॉक्टरला त्यासाठी आधी डच भाषेची परीक्षा, मग वैद्यकीय विषयांची. डच भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवर बी-टू पातळीच्याही थोडं वरचं लागतं. म्हणजे नातीने सोबत आणलेल्या आजीबाई अर्धवट वाक्यात काय सांगतायत ते कळलं पाहिजे. आणि हे सगळं पार केलंस तरी तुझी डीएम इथे आपोआप चालत नाही. संशोधनाला मात्र यातलं काही लागत नाही. म्हणून बहुतेक जण म्हणतात, आधी पीएचडी, मग बघू. मीही म्हणाले होते. २०१४ साली आले, आणि कुणाच्या मागे उभं राहून "एक घोट गिळा" म्हणत गळा चाचपल्याला दहा वर्षं उलटून गेली. पहिल्या हिवाळ्यात ट्राममध्ये समोरच्या बाईच्या गळ्यावरची गाठ बघून माझी बोटं शिवशिवली होती. हसू नकोस, तुझंही होईल.

सासऱ्यांना एवढं सांग की इथे पीएचडी करणारा माणूस विद्यार्थी नसतो, नोकरदार असतो. करार, पगार, पेन्शन, मे महिन्यात सुट्टीचे वेगळे पैसे, सगळं असतं. करार बहुधा आधी एका वर्षाचा आणि काम पटलं तर पुढे तीन वर्षांचा, असा मिळतो. पुण्यात खासगी प्रॅक्टिस लावलीस तर याहून जास्त कमावशील हेही खरं, ते लपवू नकोस. संशोधकाच्या व्हिसावर नवऱ्याला वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. लेकीची शाळा चौथ्या वाढदिवसाला सुरू होईल, तोपर्यंतचं पाळणाघर मात्र खिसा कापतं. दोघंही कमावत असाल तर सरकार त्यातला बराच भाग परत देतं. घर शोधणं हा वेगळाच छळ आहे, त्यावर फोनवर बोलू.

आता यावं का. थायरॉइडच्या माणसाला रॉटरडॅम म्हणजे काय, हे तुला पेपरांमधून ठाऊक आहेच, पण आतून कसं दिसतं ते सांगते. टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन हा थायरॉइडचा हॉर्मोन, पेशीत शिरतो कसा, हा प्रश्न आपण एमडीला असताना कुणी विचारलाच नव्हता. आपसूक झिरपतो, असंच धरून चाललो होतो. इथल्या थिओ व्हिसर यांच्या प्रयोगशाळेने एमसीटी-एट हे त्याला आत नेणारं प्रथिन आहे हे दाखवलं, आणि २००४ मध्ये कळलं की ज्या मुलग्यांमध्ये त्याचा जीन बिघडलेला असतो, त्यांच्या रक्तात टी-फोरचा भाऊ टी-थ्री हा हॉर्मोन भरपूर असतो आणि मेंदू मात्र उपाशी. मान धरत नाही, बोलता येत नाही, आणि वजन काही केल्या वाढत नाही, कारण बाकीचं शरीर जास्तीच्या हॉर्मोनने पोळत असतं. मग त्यांनी एमसीटी-एट शिवाय आत शिरणारं, टी-थ्रीसारखं काम करणारं ट्रायॅक हे औषध वापरून बघितलं. ४६ रुग्णांची ती चाचणी २०१९ मध्ये छापून आली. रक्तातला टी-थ्री उतरला, वजन आणि हृदयाची गती सुधारली. मेंदूच्या बाबतीत तेवढं सोपं नाही. टेस्ट ट्यूबपासून मुलाच्या तोंडात जाणाऱ्या गोळीपर्यंत एकाच इमारतीतल्या माणसांनी इतकी वर्षं एक प्रश्न धरून ठेवायचा, हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

तुझी जागा मात्र, तू लिहिलंयस त्यावरून, प्रयोगशाळेतली नाही, लोकसंख्येच्या अभ्यासातली आहे. ती निराळी दुनिया. शहराच्या ओमोर्ड भागात १९९० पासून ५५ वर्षांच्या पुढच्या लोकांना दर काही वर्षांनी बोलावून तपासतात. पहिल्याच फळीत जवळपास आठ हजार माणसं होती. पुढे वयाची अट खाली आणली आणि नवी माणसं घेतली. दुसरा अभ्यास 'जनरेशन आर', गरोदरपणापासून आईचं आणि मुलाचं सगळं नोंदवणारा. आईचा फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळा असलेला टी-फोर, कमी असेल तर मुलाच्या बुद्ध्यंकावर परिणाम दिसतो, हे अपेक्षित होतं. पण जास्त असेल तरीही दिसतो, हे २०१६ मध्ये त्याच मुलांवरून पुढे आलं. आपल्याकडे गरोदर बाईचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा हॉर्मोन, २.५ च्या वर दिसला की लगेच थायरॉक्सिनची गोळी लिहायची सवय होती ना, त्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. २०१७ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशननेही स्वतःच्या लोकसंख्येचे आकडे नसतील तर ४ ही मर्यादा धरा, असं सांगितलं. हा मुद्दा थेट आपल्या ओपीडीत उतरतो. भारतातल्या आठ शहरांच्या पाहणीत, त्यात मुंबई होती आणि गोवाही, जवळपास ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचा आजार, निघाला होता. त्यांच्यातलं कोणाला खरंच गोळी हवी, हे ठरवायला दहा-वीस वर्षं माणसांचा पाठलाग करणारी नोंद लागते. ती इथे आहे. यायचं असेल तर या एका कारणासाठी ये.

आणि ओपीडीला कंटाळून येत असशील तर नको. कारण इथलं रोजचं काम म्हणजे खुर्ची, 'आर' नावाच्या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधला कोड, आणि टीएसएचचे लॉग घेतलेले आकडे. माझं दुसरं वर्ष कसं गेलं सांगते. दोन टप्प्यांतले फ्री टी-फोर वेगवेगळ्या किटवर मोजलेले होते. मी ते सरळ एकत्र केले आणि इतका सुंदर निकाल आला की रात्रभर झोप नाही. आठ महिन्यांनी एका बायोकेमिस्टने चहा पिता पिता विचारलं, "ॲसे, मोजायचं किट, बदललं ते धरलंस ना?" नव्हतं धरलं. निकाल विरघळला, पेपर गेला. तू क्लिनिकमध्ये रिपोर्टवर लॅबचं नाव आधी बघतेस ना, तीच सवय इथेही ठेव. माझी ती मुंबईहून निघतानाच सुटली होती.

तुझ्याकडे असलेलं आणि इथल्या पंचविशीतल्या मुलांकडे नसलेलं हेच आहे. ती सांख्यिकीत तुला धूळ चारतील. पण बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी टीएसएच खोटा येतो, बाई सकाळी चहाबरोबरच थायरॉक्सिन घेते, लोह-कॅल्शियमही त्यातच गिळते, हे तू शेकड्यांनी पाहिलंयस. पहिल्या महिन्यात गप्प बसू नकोस. आपल्याकडे सरांसमोर बोलायची सवय नसते. इथे प्रोफेसरला नावाने हाक मारतात आणि मीटिंगमध्ये कुणी गप्प राहिलं तर त्याला म्हणण्यासारखं काही नाही, असं सरळ धरून चालतात.

पुढे काय, याचं उत्तर छोटं आहे. काही जण बिगच्या परीक्षा देऊन क्लिनिकला परततात, काही माझ्यासारखे आकड्यांत राहतात, काही भारतात जाऊन स्वतःचा कोहॉर्ट, म्हणजे वर्षानुवर्षं तपासायचा माणसांचा गट, उभा करतात. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते आणि मीच ती घेतली नाही.

शेवटी प्रबंधाचं पुस्तक होतं, खरंखुरं छापलेलं, आणि त्यासोबत दहा-अकरा विधानं द्यावी लागतात. त्यातली एखाददुसरी विषयाबाहेरची चालते. माझं कटाच्या आमटीबद्दल होतं आणि परीक्षकाने नेमकं तेच विचारलं. प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेत बाजूला दोन सोबती उभे करतात. माझी बहीण नऊवारी नेसून उभी होती. वेळ संपली की काठी घेऊन पेडेल, म्हणजे विद्यापीठाचा चोपदार, आत येतो, "होरा एस्ट", वेळ झाली, म्हणतो, आणि संपलं. मी "तथापि" म्हणून थांबले होते.

एक घरगुती गोष्ट. आपल्याकडे आयोडीन मिठाच्या पुड्यातून येतं. इथे ते मुख्यतः बेकरीच्या पावातून येतं, कारण पावात घालायचं मीठ आयोडीनयुक्त असतं. तुम्ही घरी भाकरी-पोळी खाणार, म्हणजे तो पाव बाद. स्वयंपाकाचं मीठ घेताना पाकिटावर आयोडीन लिहिलंय का बघ. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर नक्कीच. थायरॉइडवर संशोधन करायला आलेली बाई स्वतःच आयोडीन कमी घेऊन बसलेली मी पाहिलीय, आरशात.

कराराचा कागद पाठव. पहिल्या वर्षानंतरची मुदतवाढ कोण आणि कशावर ठरवतं, आणि डचचे वर्ग कामाच्या वेळेत मिळतात का, या दोन ओळी मला बघायच्यात. रविवारी तुझ्या रात्री आठला फोन कर, लेक झोपल्यावर.