टेस्ट लॅपटॉपवर पास, रास्पबेरी पायवर फेल

प्रश्न: आमच्या पायथन सर्व्हरच्या टेस्ट लॅपटॉपवर दरवेळी पास होतात. रास्पबेरी पाय ३ या छोट्या, हळू कॉम्प्युटरवर मात्र अधूनमधून फेल होतात. कधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, तर कधी ०.५ सेकंदाचा टाइमआउट ०.६ च्या आत संपला नाही म्हणून. सगळे आकडे दहापट केले तर भागेल का?

उत्तर: नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

'रिफ्यूज्ड' येतं तिथे टेस्ट बहुधा सर्व्हरचा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) सुरू करते, थोडा स्लीप घेते, म्हणजे नुसती थांबते, आणि कनेक्ट करते. तोवर सर्व्हरचं लिसन (कनेक्शन घ्यायची तयारी) झालेलं नसेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिथल्या तिथे नकार देतं. टाइमआउटची वेळच येत नाही. स्लीप वाढवलात तर फेल विरळ होतील, म्हणजे शोधायला आणखी अवघड. त्यापेक्षा मुख्य थ्रेडमध्येच सॉकेट (कनेक्शनचं टोक) पोर्ट ० ला बाइंड करा, म्हणजे कर्नल कुठला तरी मोकळा पोर्ट देतं, लिसन करा, मिळालेला पोर्ट गेटसॉकनेमने विचारा आणि मगच सर्व्हरचा थ्रेड सोडा. लिसननंतर अ‍ॅक्सेप्टला (कनेक्शन हाती घ्यायला) उशीर झाला तरी बिघडत नाही, कर्नल हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवघेव) उरकून कनेक्शन बॅकलॉगमध्ये, म्हणजे रांगेत, धरून ठेवतं. ८०८० सारख्या ठरलेल्या पोर्टवर आधीच कुणी बसलंय, ही कटकटही मिटते.

आता ०.६ चं. 'किमान ०.५ सेकंद थांबला' हे तपासणं रास्त. '०.६ च्या आत परतला' ही कोडची नव्हे, मशीनची परीक्षा झाली. वरची मर्यादा फक्त हँग (कायमचं अडकणं) पकडायला, ती खुशाल ३० सेकंद ठेवा. पास होणारी टेस्ट तेवढी थांबतच नाही. जिथे टाइमआउट होणंच अपेक्षित आहे तिथे मात्र तो छोटाच हवा, आणि समोरच्या सॉकेटने उत्तर उशिरा नव्हे, अजिबात देऊ नये.

वेळ टाइम.मोनोटॉनिकने मोजा, ते घड्याळ मागे जात नाही. पाय ३ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बूटनंतर एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) वेळ दुरुस्त केली की टाइम.टाइम, म्हणजे साधं घड्याळ, उडी मारतं.

लॅपटॉपवरच फेल घडवायचं असेल तर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) सीपीयू मर्यादा ०.२ द्या. दर १०० मिलिसेकंदांत २० च वाट्याला येतात, ते संपले की प्रोसेस ८० पर्यंत गोठते. नेटवर्कचा उशीर हवा तर लिनक्सच्या टीसी या कमांडमधल्या नेटएमने लूपबॅकवर (मशीनचं स्वतःशीच बोलायचं नेटवर्क) ५० मिलिसेकंद लावा. जाताना आणि येताना दोन्हीकडे तो लागतो, म्हणून पिंग १०० दाखवेल. काम झाल्यावर काढायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉपवरचा डेटाबेसही अचानक सुस्तावेल.