रत्नागिरीत एम.एस्सी. करताना कॉलेजकडून काय मागता येतं, आणि कुठल्या टेबलावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या गावातून येऊन रत्नागिरीत एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतलाय, पुढे पीएच.डी.चा विचार आहे. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांत असतात तशा विद्यार्थ्यांच्या सोयी इथे असतात का, आणि असल्या तर भेटायचं कुणाला?

असतात. फक्त ‘विद्यार्थी साहाय्य केंद्र’ अशी पाटी शोधत फिरू नका. कोकणातल्या कॉलेजात या सोयींना वेगळी इमारत नसते, टेबलं असतात. शिष्यवृत्ती एका क्लार्ककडे, पात्रता आणि परीक्षा दुसऱ्याकडे. तक्रार समिती, समुपदेशन आणि प्लेसमेंट ही तिन्ही कामं कधी कधी एकाच प्राध्यापकाच्या गळ्यात असतात. त्या माणसांना तोंडी विचारलंत तर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नसतो. लेखी अर्ज दिलात तर तोच विषय फाइलवर येतो.

म्हणून आधी अर्जाबद्दल. ‘प्रति, मा. प्राचार्य’ लिहिल्यावर त्याखाली ‘मार्फत: विभागप्रमुख’ ही ओळ घाला आणि विभागप्रमुखांची सही आधी घ्या. ती नसली की अर्ज वरून खाली परत येतो आणि आठवडा फुकट जातो. एका अर्जात एकच मागणी. वसतिगृह, फी आणि प्रयोगशाळेची वेळ एकाच कागदावर लिहिलीत, तर तो तीन टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. दोन प्रती न्या. मूळ प्रत आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आठ-दहा दिवसांनी ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं विचारू नका. ‘आवक क्रमांक अमुक, सध्या कुठल्या टेबलावर आहे?’ असं विचारा. बोनाफाइडही एकदम चार-पाच प्रतींत मागा आणि प्रत्येकीवर कारण वेगळं लिहून घ्या. बँकेसाठीचा दाखला एसटी डेपोत चालेलच असं नाही.

दुसरं म्हणजे फीची पावती नीट वाचा. ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण, समूह विमा अशी शीर्षकं त्यावर असतात. विम्याचे पैसे तुम्ही भरलेले असतील, तर अपघात झाल्यावर दावा कुणाकडे आणि किती दिवसांत करायचा, हे आजच विचारून ठेवा. पावतीकडे कुणी बघत नाही, म्हणून ती सोय पडून राहते.

सगळ्यात जास्त घोळ शिष्यवृत्तीत होतो, तेव्हा इथे जरा थांबतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला, कॉलेजने पुढे पाठवला, मंजूरही झाला, तरी पैसे आले नाहीत. अशा वेळी कारण बहुतेकदा बँकेच्या खात्यात सापडतं. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत आधारशी ‘सीड’, म्हणजे थेट लाभासाठी जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग एका वेळी एकाच बँकेचं असतं आणि थेट लाभाचे पैसे त्याच खात्यात जातात, तुम्ही अर्जात कुठलंही पासबुक जोडलं तरी. शाळेत असताना उघडलेलं आणि आता निष्क्रिय झालेलं खातं तिथे नोंदलेलं असेल, तर रक्कम तिकडे जाते किंवा परत फिरते. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस पाहा. बँक चुकीची दिसली, तर हव्या त्या शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा संमती अर्ज द्या. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणालात तर केवायसी करून पाठवतील. चार-पाच दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा.

उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत वेगळीच. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून जानेवारीत काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला चालत नाही. सेवा हक्क कायद्याप्रमाणे हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा, पण गाडी तलाठ्याच्या अहवालापाशी अडते. वडील मुंबईत नोकरीला आणि घर गावात, अशी स्थिती असेल तर नुसत्या शेतीच्या उत्पन्नावर अर्ज करू नका. फॉर्म १६ किंवा पगारपत्रक सोबत जोडा, नाहीतर त्रुटी निघते. आणि ही कामं गणपतीच्या आधी उरका. चतुर्थीच्या आठवड्यात सेतू केंद्र उघडं असलं, तरी सही करणारा माणूस आरतीला गेलेला असतो.

अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाह भत्त्याचे ६,०००. पण त्यासाठी आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो. ‘जागा मिळणार नाहीच, मग कशाला भरा’ असं म्हणून तो टाळणाऱ्याचं नुकसान होतं. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीच्या आहेत. तुम्ही कुठल्या प्रवर्गातले ते लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही सांगितल्या.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, आधारवर उलटा क्रम, त्यात ‘सावंत’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. अशाने एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) या तुमचे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात क्रेडिट दिसत नाहीत. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र पात्रतेच्या टेबलावर देऊन त्याचीही पोच घ्या. पात्रता पक्की झाली नाही की पहिल्या सत्राचा निकाल ‘राखीव’ लागतो आणि तेव्हा सगळे तुमच्याकडेच बघतात. मूळ कागदपत्रं मात्र कॉलेजने ठेवून घ्यायची नसतात. तपासून परत द्यावीत, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

प्रवासाचं एवढंच: एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. मुलींना मार्च २०२३ पासून प्रत्येक तिकिटावर ५० टक्के सवलत मिळतेच. म्हणून खोलीवरून रोज कॉलेजला एसटीने जायचं असेल तर पास, आणि शनिवारी गावी जायला अर्धं तिकीट, असा हिशेब बसतो. तवसाळ-जयगड फेरीबोटीचे पैसे मात्र वेगळे धरा.

आता ग्रंथालय आणि उपकरणं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला खरी मदत इथे मिळते आणि विचारायला इथेच कुणी जात नाही. अनुदानित कॉलेज असेल तर ग्रंथपालाकडे एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकांच्या सेवेचं) स्वतःचं लॉगिन मागा. ते कॉलेजच्या आवाराबाहेरही चालतं, अर्थात गावात रेंज असेल तर. पावसात लाइट जायच्या आधी लेख उतरवून ठेवायची सवय लावा. शासकीय संस्था आणि विद्यापीठांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू आहे. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. तुमची संस्था त्यात नसेल, तर मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात बसून वाचायची परवानगी मिळेल का, असा अर्ज ग्रंथपालामार्फत करा. जुने प्रबंध ‘शोधगंगा’वर सगळ्यांना फुकट आहेत.

रेणूची रचना दाखवणारं एनएमआर किंवा स्फटिकांची रचना दाखवणारं एक्सआरडी ही उपकरणं कॉलेजात नसणार. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने घेतात, आणि देशभरातली उपकरणं ‘आय-स्टेम’ पोर्टलवर शोधता येतात. विद्यार्थी-दर मिळवायला मार्गदर्शकांची सही आणि शिक्का लागतो. नमुना पाठवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तो नीट न वाळवणं. इथिल ॲसिटेट राहून गेलं, तर क्लोरोफॉर्म-डी या द्रावकातल्या प्रोटॉन एनएमआरमध्ये १.२६, २.०५ आणि ४.१२ पीपीएमला त्याचीच शिखरं दिसतात आणि तुमचा पदार्थ त्यांच्या मागे लपतो. प्रोटॉनसाठी ५ ते १० मिलिग्रॅम पुरे, कार्बनसाठी २० च्या आसपास ठेवा. घट्ट बुचाची कुपी, वरून पॅराफिल्म, पाकिटात सिलिका जेल.

आयआर (अवरक्त वर्णपट) बहुधा कॉलेजातच होईल, पण जून ते सप्टेंबर नमुन्यात मिसळायचं पोटॅशियम ब्रोमाइड हा किनाऱ्यावरचा शत्रू समजा. हवेतलं पाणी ओढून त्याची दाबलेली चकती (पेलेट) दुधाळ होते, ३४०० च्या आसपास रुंद पट्टा येतो आणि १६४० जवळ आणखी एक. मग मुलं तो ‘ओएच गट’ म्हणून प्रबंधात लिहितात! पावडर ११० अंशांना दोन-तीन तास तापवा, डेसिकेटरमध्ये गार करा, १ मिलिग्रॅम नमुन्याला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात भराभर घोटा आणि लगेच दाबा. शंका आली तर कोऱ्या पेलेटचा आलेख आधी घ्या. उपकरणाची वेळही वहीत आगाऊ नोंदवा, फेब्रुवारीत सगळ्यांना एकदमच जाग येते.

मार्गदर्शकांशी, गुणांवरून किंवा फीवरून वाद झाला, तर प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं. लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे नव्हे, अंतर्गत समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर नसतील, तर ती मागणारा एक ओळीचा अर्ज द्या. बऱ्याचदा त्या अर्जानेच समिती जागी होते.

झोप उडाली, अभ्यास नकोसा झाला, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मराठीतही चालतो. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या नावाला गावात लोक बिचकतात, पण झोप आणि चिंता यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभागात जाऊन येणं म्हणजे ‘भरती होणं’ नव्हे. उपचाराचा कागद जपून ठेवा. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर विभागप्रमुखांकडे तोच लागतो, आणि तो परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, आजारपणातच द्यावा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल, तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. तो अर्ज परीक्षा विभागाकडे, परीक्षा अर्जाबरोबरच द्या.

पीएच.डी.चं आत्ता एवढंच लक्षात असू द्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. म्हणून मार्गदर्शक निवडताना ‘सर, जागा किती रिकाम्या आहेत?’ हा पहिला प्रश्न. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, पण संस्थेने दरमहा पोर्टलवर हजेरीची खात्री दिली तरच ते निघतात. ते काम कुठला क्लार्क करतो आणि तो रजेवर असताना कोण करतो, दोन्ही नावं विचारून घ्या. नेटचा अर्ज भरताना नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच भरा.