वाचकांचे प्रश्न : अकरा मात्रांची गिटार

प्रश्न : मी तरुणपणी दहा वर्षे तबला शिकलो. झाकीर हुसेन यांच्यामुळे ‘शक्ती’ हा वाद्यवृंद ऐकू लागलो आणि त्यातल्या जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या गिटारीची गोडी लागली. माझी मुलगी गिटार शिकते. तिने त्यांचा ‘एक्स्ट्रापोलेशन’ हा पहिला अल्बम मला ऐकवला. पण दोनदा ऐकूनही मला सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, सापडली नाही. या अल्बममध्ये आपल्या संगीताचा काही अंश आहे का, आणि तो ऐकावा कसा?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तबल्यावर घडलेल्या कानाला हा जॅझ अल्बम पहिल्या खेपेला हुलकावणी देतो, यात आपल्या कानाचा दोष नाही. तो लंडनमध्ये जानेवारी १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झाला. मॅक्लॉफ्लिन तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, ‘शक्ती’ अजून काही वर्षे दूर होती आणि सोबतीला सॅक्सोफोनवर जॉन सर्मन, बासवर ब्रायन ऑजर्स व ड्रमवर टोनी ऑक्सली असे तिघे इंग्रज वादक होते. एखादा राग किंवा भारतीय वाद्य ऐकू येईल या अपेक्षेने बसलात, तर निराशाच पदरी पडेल. वीणेचे शिक्षण, कर्नाटक संगीतातले एस. रामनाथन यांचे मार्गदर्शन, हे सारे मॅक्लॉफ्लिन यांच्या आयुष्यात पुढे आले.

सम न सापडण्याचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे ताल ठेक्यातून कळतो. खाली आणि भरी, म्हणजे ठेक्यातले हलके आणि भरीव भाग, यांमुळे आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) आपण कुठे आहोत, हे मात्रा न मोजताही उमगते. ऑक्सली असा ठेका धरून बसत नाहीत. गिटार आणि सॅक्सोफोन जे बोलतात त्याला ते ड्रमवर उत्तरे देत जातात, त्यामुळे त्यांच्या हातावर लक्ष ठेवून मोजणाऱ्याचा हिशेब हमखास चुकतो. इथे मात्रांचा हिशेब धुनेच्या मुखड्यात बांधलेला आहे आणि कान तिथेच ठेवावा लागतो.

‘आर्जेन्स बॅग’ ही रचना घ्या. तिचे आवर्तन अकराचे आहे. अकरा मात्रांचा रुद्र ताल आपल्या हातून गेला असेल, तर हा आकडा परका वाटणार नाही. फक्त टाळी-खालीच्या खुणा इथे कोणी दाखवत नाही. माझा अनुभव असा, की ही रचना थेट ऐकण्याऐवजी थोडे वळण घेऊन तिच्याकडे यावे. हीच धून मॅक्लॉफ्लिन यांनी १९७१ च्या ‘माय गोल्स बियॉन्ड’ या अल्बममध्ये ‘फॉलो युवर हार्ट’ या नावाने पुन्हा वाजवली, आणि तीही ड्रमशिवाय, निव्वळ गिटारवर. आधी ती लावून बोटांवर अकरा मोजा. मुखड्याचे वळण एकदा अंगवळणी पडले, की मग १९६९ ची रचना लावा. ऑक्सली कितीही दूर गेले तरी आपली जागा सुटणार नाही. (त्याच १९७१ च्या अल्बममधील दोन मोठ्या रचनांत बादल रॉय यांचा तबलाही आहे, तो आपल्याला आवडेल.) ‘बिंकीज बीम’चे आवर्तन एकोणीसचे आहे. तिथे सुरुवातीला मोजू नका, मुखडा गुणगुणता येईपर्यंत नुसते ऐका.

गायक राम मराठे यांच्या ठाण्यात लयीची जाण असलेले श्रोते पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले. परंतु या अल्बमचे खरे वैभव मला गिटार आणि सर्मन यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनच्या संवादात दिसते. गिटारीचा स्वर स्वच्छ, टोकदार, घाईत असतानाही प्रत्येक सूर सुटा ऐकू येणारा. सॅक्सोफोनचा खर्जातला, जड आणि खरखरीत. पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या मॅक्लॉफ्लिन यांच्या वाद्यवृंदात गिटारीने जे प्रचंड, फाटलेले रूप घेतले त्याचाही मला आदर आहे, पण दोन वाद्यांनी एकमेकांना एवढी मोकळी जागा देणे मला या पहिल्या अल्बममध्ये अधिक जाणवते. हा वादक कोणत्या तयारीचा होता, हे महिन्याभरातच न्यूयॉर्कमध्ये दिसले : १८ फेब्रुवारी १९६९ रोजी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात ते गिटार वाजवत होते.

शेवटची ‘पीस पीस’ ही एकट्या गिटारीची शांत रचना घरातली वर्दळ थांबल्यावर ऐका. आणि मुलीला ‘फॉलो युवर हार्ट’चा मुखडा गिटारीवर बसवायला सांगून आपण तबल्यावर अकरा मात्रांचा साधा ठेका धरा, सम दोघांनाही एकदमच सापडेल.